‘आवाज झाला’ आणि ‘आवाज आला’

या खेपेच्या पत्रांत एक गंमत झाली. चिमूरपासून मेहकरपर्यंत वेगवेगळ्या गावच्या लोकांनी फिरून फिरून एकाच विहिरीत डोकावलं आहे: कोणी पाहिलं-ऐकलं नाही तर ते घडलं काय? म्हणून इतर प्रश्न बाजूला ठेवले. कापसाच्या बोंडअळीवर विचारणाऱ्यांनी रागावू नये, मी भौतिकशास्त्राचा मास्तर, अळीचं मला काही कळत नाही.

माझा पोट्टा नववीत आहे. मी वनखात्यात रोजंदारीवर जातो. त्याला जंगलात पडलेला सागवान दाखवला तर म्हणते, बाबा, हा पडला तवा इथं कोणीच नव्हतं, मग आवाज झाला काय? मी म्हटलं, झालाच असंल. तर म्हणते, तुम्हाला काय माहीत? आता काय सांगू?
— वनमजूर, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

पोट्ट्याला आधी शाबासकी द्या. मग त्याला विचारा, मोबाइलवर पलीकडच्याचं बोलणं ऐकू आलं नाही तर आपण काय म्हणतो? ‘हॅलो, तुमचा आवाज येत नाही.’ ‘तुमचा आवाज होत नाही’ असं कोणी म्हणत नाही. तो तिकडं घसा फोडून बोलत असणार हे आपण धरूनच चालतो.

आपल्या भाषेनं हे दोन पदर आधीच वेगळे करून ठेवले आहेत. आवाज होतो तो झाडापाशी. येतो तो माणसापाशी. झाड मोडताना बुंध्याचे धागे करकरत तुटतात, फांद्या फाटतात, खोड जमिनीवर आदळतं. शेजारची हवा दाबली जाते, सैल होते, पुन्हा दाबली जाते, आणि ही दाबादाबी सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगानं चारी बाजूंना पसरते. याला कोणाच्या हजेरीची गरज नाही. ही हालचाल कानाच्या पडद्यावर पोचली, तिथून तीन चिमुकल्या हाडांतून आतल्या शंखात आणि नसेवाटे मेंदूत गेली, की मग ‘धाडकन’ असं जे काही आपल्याला वाटतं ते घडतं. जंगलात कोणीच नसेल तर हे दुसरं घडत नाही. अमेरिकेच्या ध्वनिशास्त्राच्या मानकातही आवाजाच्या अशा दोन व्याख्या शेजारी शेजारी दिल्या आहेत: एक हवेतल्या दाबाच्या हालचालीची, दुसरी कानाला होणाऱ्या जाणिवेची. तेव्हा बापलेकांपैकी कोणीच हरलं नाही.

जुने नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, तेही याच्या जवळ आले होते. पाण्यात खडा टाकला की वलयातून वलय निघतं, तसा ध्वनीतून ध्वनी जन्मत कानापर्यंत येतो, असं ते म्हणत. वीचीतरंगन्याय म्हणतात तो हाच. म्हणजे जन्मला तो ध्वनी वेगळा आणि कानाशी पोचला तो वेगळा. ध्वनी हा हवेचा नाही, आकाशाचा गुण आहे असं ते मानत, तेवढं मात्र चुकलं.

माझ्या घरचंच सांगतो. एका मे महिन्यात वावटळीसारखं वारं सुटलं आणि रात्री मागच्या अंगणातला शेवगा कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवा झाला. सकाळी शेजारी विचारतात, ‘एवढा मोठा आवाज झाला सर, तुम्ही उठले नाही काय?’ आम्ही दोघं कूलरसमोर झोपलेलो. ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात कूलर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, त्या घरघरीत तोफ उडाली तरी कळत नाही. शेजाऱ्याला आवाज आला, आम्हाला आला नाही, आणि झाला तो एकदाच झाला. खुराड्याचा पत्रा अजून तसाच वाकडा आहे.

तुमचा पोट्टा चलाख दिसतो, तो पुढं विचारेल की शेजारीही नसता तर? त्याला सांगा, पर्सिव्हिअरन्स नावाची गाडी २०२१ साली मंगळावर उतरली, तिच्यावर मायक्रोफोन आहे. तिथल्या वाऱ्याचा आवाज तिनं टिपला. त्या ग्रहावर तेव्हा एकही कान नव्हता.

रातच्याला डुकरांनी अर्धा एकर सोयाबीन उलटंपालटं केलं. पाहणीला आलेला माणूस म्हणतो, तुम्ही डोळ्यानं पाहिलं काय? मी रात्री जागलीला नव्हतो, ताप होता. कोणी पाहिलं नाही म्हणजे झालंच नाही काय?
— शेतकरी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे हे त्या पाहणीवाल्याला कळलं नसावं. पाहिलेलंच खरं धरायचं ठरवलं तर त्याच्या पणजोबांना कोणी जन्म दिला हेही सिद्ध होणार नाही.

न पाहिलेली घटना खुणांवरून ठरते. वात्स्यायनानं न्यायसूत्रांवरच्या भाष्यात उदाहरण दिलं आहे ते नदीचं: पाणी नेहमीपेक्षा भरलेलं, ओढ वाढलेली, तर वर पाऊस पडून गेला असं समजावं. त्यावर आक्षेप घेणाराही तिथंच हजर आहे. नदी कुठं अडली असेल आणि तो बांध फुटला असेल तर? हा आक्षेप आम्हा वैनगंगाकाठच्यांना फार जवळचा. गोसेखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपैकी काही उघडले की इकडं ढग नसतानाही पाणी चढतं. त्यावरचं उत्तर मला फार आवडतं. नुसतं पाणी वाढलं एवढ्यावर जाऊ नका, म्हणतात. फेस किती आहे, पानं, फळं, लाकडं वाहून येतात काय, ते पाहा. एक खूण फसवते, पाच-सहा खुणा एका दिशेला बोट दाखवू लागल्या की फसगत कमी होते.

तुमच्या वावरात तेच करा. डुक्कर मुसंडीनं माती उकरतं, नांगराचा तास मोडावा तशी. ओल्या मातीत त्याच्या दोन खुरांच्या मागं बाजूला दोन छोट्या नखांच्या खुणा उठतात. रोही (नीलगाय) असता तर शेंडे खाल्लेले दिसले असते आणि लेंड्यांचा एका जागी ढीग सापडला असता, माती अशी फाटली नसती. कुंपणाच्या तारेला राठ केस अडकले आहेत काय ते बघा. मोबाइलवर फोटो काढताना खुणेशेजारी माचिसची डबी ठेवा, आकार कळतो. पाऊस पडायच्या आत हे करा आणि अर्ज लेखी द्या. ‘पाहिलं नाही’ असंच लिहा, खोटा साक्षीदार उभा करू नका. खुणा असताना त्याची गरजही नाही. ताडोबात वाघांची मोजदाद होते तीही झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांवरच. फोटो निघतो त्या क्षणी तिथं वाघ असतो आणि कॅमेरा असतो, बस.

तीस वर्षं जिनिंगमध्ये काढली. आता घरी बसलो तर कानात रातकिडे किरकिरतात. बायकोला काही ऐकू येत नाही. ती म्हणते, तुम्हाला भास होतो.
— निवृत्त कामगार, हिंगणघाट, जि. वर्धा

काका, तुमचं पत्र चिमूरच्या पत्राच्या बरोबर उलट आहे. तिथं आवाज झाला आणि आला नाही. तुमच्याकडं येतो आहे, पण झालेला नाही. खोलीत मायक्रोफोन ठेवला तर तो काहीच टिपणार नाही. म्हणून काकूंचं म्हणणं खोटं नाही, पण ‘भास’ हा शब्द मला पटत नाही, त्यात माणसाला वेड्यात काढल्यासारखं होतं. तुम्हाला ऐकू येतं आहे ही गोष्ट पक्की आहे.

आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात. यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं त्या झिजतात, मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा निरोप कमी झाला की मेंदू, बहुधा, आपला आपणच आवाज मोठा करून बसतो, रेडिओला स्टेशन लागलं नाही की खरखर येते तसा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, श्रवणयंत्रानं काही जणांची किरकिर दबते. आणि हे लक्षात ठेवा: आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धकधकत असेल, किंवा ऐकू येणं एकाएकी कमी झालं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी जा. कानात कोमट तेल घालायचा सल्ला कोणी दिला तर त्या तेलात भजी तळा.

रात्री क्षितिजावर विजा चमकतात पण गडगडाट नसतो. त्या बिनआवाजाच्या विजा असतात का?
— दहावीतली विद्यार्थिनी, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

नाही. गडगडाट झालेलाच असतो, तुझ्यापर्यंत येत नाही. साधारण १५-२० किलोमीटरपलीकडचा गडगडाट बहुधा ऐकू येत नाही. वरच्या थंड हवेमुळं तो वाकून तुझ्या डोक्यावरून निघून जातो. चमक दिसल्यावर सेकंद मोज आणि तीननं भाग, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर धानाच्या बांधीत थांबायचं नाही, झाडाखाली तर नाहीच. पक्क्या घरात जायचं.

एका व्हिडिओत सांगितलं की क्वांटम शास्त्रानुसार आपण पाहिल्याशिवाय काहीच अस्तित्वात नसतं. म्हणजे आमचं लोणारही?
— शिक्षक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

व्हिडिओवाल्यानं ‘निरीक्षण’ या शब्दाचा अर्थ ‘डोळे’ असा केला, तिथंच घोळ झाला. अणूच्या पातळीवर मोजमापाच्या आधी आणि नंतर फरक पडतो हे खरं, आणि त्याचा अर्थ काय लावायचा यावर जाणते लोक आजही भांडतात. पण मोजणारं यंत्र असतं, माणूस चहाला गेला तरी नोंद होते. मनाला तिथं जागा द्यावी असं म्हणणाऱ्यांत भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर होते, त्यांनीही पुढं तो विचार सोडला.

पाहण्यातच असणं आहे, असं म्हणणारी मोठी माणसं होऊन गेली, ते नाकारत नाही. जॉर्ज बर्कली या तत्त्वज्ञानं १७१० साली तसं लिहिलं, पण कोणी पाहत नसेल तेव्हा देव पाहतो अशी सोयही ठेवली. आपल्याकडं सगळं जग मनातल्या जाणिवेतच आहे म्हणणारे विज्ञानवादी बौद्ध होते, आणि ‘बाहेरचं जग नाहीच असं कसं म्हणता, ते तर अनुभवाला येतं’ म्हणून त्यांच्याशी भांडणारे शंकराचार्यही होते. १९३० च्या जुलैत रवींद्रनाथ आइन्स्टाइनना जर्मनीत भेटले तेव्हा हाच वाद झाला. घरात कोणी नसलं तरी टेबल आपल्या जागी राहतंच ना, असा आइन्स्टाइन यांचा मुद्दा होता. राहतं, पण विश्वमनात राहतं, अशी रवींद्रनाथांची भूमिका. मी टेबलाच्या बाजूचा.

आणि लोणारला तर तुम्ही मुलांना घेऊन जाताच असाल. जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद खड्डा, तोही काळ्या बसाल्टात. केव्हा झाला यावर एक मोजणी सुमारे ५२ हजार वर्षं सांगते, दुसरी ५ लाख ७० हजार. ज्वालामुखीचं तोंड असावं असंही फार दिवस मानलं जाई. १९७३ मध्ये तिथल्या दगडांत मॅस्केलिनाइट नावाची काच असल्याचं प्रसिद्ध झालं. ती अवाढव्य दाबाचा धक्का बसल्याशिवाय तयार होत नाही आणि ज्वालामुखीत असा धक्का नसतो. म्हणजे वेळ नक्की नाही, पाहणारा माहीत नाही, तरी वरून काहीतरी आदळलं हे पक्कं. राळेगावच्या शेतकऱ्याची डुकरं आणि तुमची उल्का, तपासाची रीत एकच.

माझी लेक सात वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. पोळ्याला डफडं वाजायला लागलं की गर्दीतून पुढं घुसते, छातीवर हात ठेवून हसते. सासू म्हणते, तिला येतो आवाज. खरंच येतो का?
— एक आई, ता. पवनी, जि. भंडारा

ताई, सगळ्या पत्रांत मला अडवलं ते तुमच्या पत्रानं. वर मी झाला-आलाची मोठी फोड करून दाखवली, त्यात तुमची लेक बसत नाही. डफड्याचा ठोका हवेतून तिच्या छातीवर पोचतो आहे, तिथली कातडी आणि हाडं थरथरतात, ती ताल ओळखते, खूश होते. कान सोडला तर सगळं झालं. इव्हलिन ग्लेनी नावाच्या स्कॉटलंडच्या बाई जवळजवळ पूर्ण बहिऱ्या असून जगभर तालवाद्यं वाजवतात, अनवाणी उभ्या राहून जमिनीतून ठोके घेतात. त्यांना आवाज ‘येत नाही’ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘ऐकू’ हा शब्द काढून टाकला तर सासूबाईंचं बरोबर आहे.

पण सासूबाईंच्या या शब्दावर तपासणी थांबवू नका. जिल्हा रुग्णालयात कान तपासून घ्या, आधी झाली असेल तरी पुन्हा. आणि तान्ह्या पोळ्याला तिच्या दोन्ही हातांत एक मोठा फुगलेला फुगा द्या, डफड्यापासून चार हातांवर उभी करा. फुग्याचं रबर डफड्याच्या ठोक्याला थरथरतं, तळहाताला लगेच कळतं. मग डफडं न दाखवता, तिची पाठ वाजवणाऱ्याकडं करून, ठोके बदलायला सांगा. ती फुग्यावर बोटानं ताल धरते काय ते मला कळवा.