गेल्या वर्षीचा कंट्रोल ग्रुप घेऊ नका, माझं वर्ष गेलंय त्यात

निपाणीच्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सीनियरच्या थीसिसमधला व्हेइकल कंट्रोल, म्हणजे औषधाशिवाय नुसतं द्रावण दिलेला ग्रुप, तसाच घेतला तर ८ उंदीर वाचतील, चालेल का, असं विचारलंय तुम्ही. बेळगावात एम. फार्म. करताना मलाही हेच वाटलं होतं, आणि मी तेच केलं.

रँडमायझेशन, डोस वगैरे तुम्हाला माहीत असेलच. थेट मुद्द्यावर येतो.

माझी फोर्स्ड स्विम टेस्ट होती, अर्क नैराश्यावर चालतो का ते बघायची. स्विस अल्बिनो उंदीर ६ मिनिटं पाण्यात, शेवटच्या ४ मिनिटांत तो किती वेळ निश्चल राहतो ते मोजायचं; औषध चालत असेल तर हा वेळ कमी होतो. मंजुरीचा फॉर्म एका ऑफिसातून दोनदा परत आला. तिसऱ्या खेपेला टेबलावरच्या माणसाने तोंडीच सांगितलं, "तुमच्यात कंट्रोल झालाय की गेल्या वर्षी, परत कशाला?" लेखी काही नाही. मी तो ग्रुप खोडून टाकला. तिथेच अडून बसायला हवं होतं. आजही त्याचा राग येतो.

सीनियरचा कंट्रोल मे महिन्यातला, माझे अर्काचे ग्रुप आषाढातले. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा! पाणी २३ ते २५ अंश हवं. मी सकाळी गरम पाणी मिसळून एकदाच थर्मामीटर लावायचो. शेवटचा उंदीर काढला तेव्हा केस अंगाला चिकटलेले, टॉवेलात गुंडाळला तरी थरथर थांबेना. तेव्हाही पाण्यात बोट घालून बघावंसं वाटलं नाही. थंड पाण्यात धडपडच बदलते हो. आकडे मात्र सुरेख आले आणि मी खूश.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, "कंट्रोलच्या दिवशी पाणी किती अंश होतं?" सीनियरच्या वहीत तो रकानाच नव्हता. शिवाय निश्चल कशाला म्हणायचं हे त्याचं वेगळं, माझं वेगळं. त्याने इंजेक्शन दिलेलं, मी तोंडावाटे नळीने. सगळं परत करावं लागलं. २४ उंदीर फुकट गेले, त्याचं वाईट वाटतं ते अजून जात नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: कंट्रोल त्याच बॅचचा, त्याच दिवशी, अर्काच्या उंदरांमध्ये मिसळून, त्याच हाताने. अर्क ज्यात मिसळतो ते सीएमसीचं द्रावण तेवढंच, नळीही तितकेच दिवस. नळीचा ताण हाही ताणच. उंदीर वाचवायचेच असतील तर तिन्ही डोसना मिळून एकच व्हेइकल ग्रुप ठेवा, त्याच प्रयोगातला. इमिप्रामिनचा, म्हणजे नैराश्यावरच्या माहीत असलेल्या औषधाचा, ग्रुप मात्र सोडू नका. त्यात निश्चलता कमी झाली नाही तर तुमची टेस्टच लागलेली नाही. ओपन फील्डही करा, म्हणजे मोकळ्या चौकटीत उंदीर किती फिरतो ते बघा; नुसती चळवळ वाढली तरी निश्चलता कमी दिसते, कॅफीनने तसं होतं.



मी स्टॅटिस्टिक्सचा माणूस नाही, ग्रुपमध्ये किती उंदीर ते गाईडना विचारा. तुमच्या कमिटीचे नियमही वेगळे असतील. पण कोणी तोंडी 'कंट्रोल काढा' म्हणालं तर लेखी मागा. आणि अर्क कशात मिसळताय ते लिहा, ट्वीन ८० असेल तर कंट्रोललाही तेच लागेल.