पडवीतली बुलेट, धूर सोडणारी येझदी आणि बाकीच्या शंका

जुन्या गाड्यांबद्दलची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली चार घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या अर्ध्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : वडिलांची १९८७ ची बुलेट ३५० आहे, जुनं कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायात. आईबाबा याच गाडीवर कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलेत. २०११ पासून गावाकडे पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. दिवाळीत किक मारायला गेलो तर किक खालीच जाईना. गावातले मिस्त्री म्हणतात इंजिन जाम आहे, रिबोअर करून (सिलेंडर आतून कापून थोडं मोठं करून) नवा पिस्टन टाकू, सगळं क्रोम नवीन, रंग नवीन, शोरूममधून आणल्यासारखी करून देतो. द्यावी का? (एक वाचक, कराड)

उत्तर : रंगासाठी तर अजिबात देऊ नका, आणि इंजिनचंही न उघडता कोणी रिबोअर सांगत असेल तर तो अंदाज आहे. बरोबर निघेल कदाचित, पण आहे अंदाजच.

आधी किकवर उभं राहणं बंद करा. होतं काय की गाडी ज्या जागी थांबली त्या जागी बऱ्याचदा एक वॉल्व थोडा उघडा राहतो, त्यातून दर पावसाळ्याची ओल सिलेंडरमध्ये जाते, ब्लॉक बिडाचा असल्यामुळे आतून गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथंच चिकटतात. अशात कोणी तरणाबांड पोरगा किकवर नाचला की रिंग तुटते नाहीतर किकचे दाते जातात, म्हणजे जे काम किरकोळीत झालं असतं ते मोठं होतं. प्लग काढा, त्या भोकातून अर्धं डिझेल अर्धं इंजिन ऑईल असं कपभर मिश्रण सोडा, चार-पाच दिवस तसंच राहू द्या, मध्ये एकदा परत थोडं घाला. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवा. पिस्टन केसभर हलला तरी पुरे, उद्या अजून थोडा हलेल. बहुतेक वेळा सुटतो.

सुटला की लोकांना इतका आनंद होतो की लगेच पेट्रोल ओतून चालू करायला बघतात. थांबा. गंजलेल्या बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, रिंगा घासल्या तर दोन दिवसात निळा धूर चालू होईल. या इंजिनाची एक गोष्ट फार चांगली आहे, टाकी उतरवली की हेड आणि ब्लॉक इंजिन फ्रेममधून न काढताच निघतात. तेवढं करा, आणि काढताना स्वतः उभे राहा. बोअर पुसून उजेडात धरा आणि आतून नख फिरवा. नुसता तांबूस डाग असेल आणि नख अडकत नसेल तर होनिंग (बोअर आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगा, विषय संपला. नख खड्ड्यात अडकलं तर मात्र मिस्त्रींचं बरोबर, पुढच्या ओव्हरसाईजचा पिस्टन घेऊन रिबोअर करा. पिस्टन आधी आणा आणि बोअर त्या पिस्टनच्या मापाने करून घ्या, उलटं नको. हेड उघडंच आहे तर वॉल्व लॅपिंगही (वॉल्व घासून जागेवर नीट बसवणं) करून टाका.

आता ऑईल. बुलेटचं ऑईल क्रँकखाली (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याखाली) साठत नाही, इंजिनातच वेगळा कप्पा आहे आणि पंप तिथून ऑईल नेतो आणि परत आणतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते पंपातून झिरपत झिरपत सगळं क्रँकमध्ये उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, लोकांना वाटतं ऑईल संपलं, वरून अजून दोन लिटर ओततात, आणि चालू केली की सायलेन्सरमधून धुराचा लोट आणि ब्रीदरच्या नळीतून ऑईलची धार. म्हणून खालचे ड्रेन बोल्ट सगळे उघडा, जे निघेल ते निघू द्या (काळी पेंड निघेल), फिल्टर बदला, मग नवीन २०डब्ल्यू५० भरा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर हेडकडे जाणाऱ्या बारीक पाईपचा वरचा बोल्ट जरासा ढिला करा. तिथून ऑईल पाझरलं पाहिजे. मिनिटभरात नाही पाझरलं तर इंजिन बंद करा आणि पंप बघा. आवाज कितीही गोड येत असला तरी बंद करा.

क्लच प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असणारच. क्लच दाबून, इग्निशन बंद ठेवून दोन-चार किका हलक्या मारा, सुटतात. नाही सुटल्या तर केस उघडायची, मोठं काम नाही.

टाकी. यात लोक सगळ्यात जास्त वाट लावतात. संडास साफ करायचं ऍसिड ओततात, ते गंजाबरोबर पत्राही खातं आणि महिन्याभरात टाकी परत लाल. साधं पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवा, गंज जाड असेल तर आधी मूठभर नट टाकून खळखळवा (टाकताना मोजून टाका म्हणजे काढताना कळतं). मग खायच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवा आणि लगेच वाळवा, अगदी लगेच, कारण तो उघडा पत्रा तासाभरात परत तांबूस व्हायला लागतो. वाळली की पेट्रोलमध्ये थोडं ऑईल मिसळून आतून फिरवून घ्या. भोकं निघाली तर घरी वेल्डिंगचा विचारही करू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. आणि पेट्रोल कॉक, पाईप, कार्बोरेटरमधली रबरं सगळी नवीन टाका, कारण तुमची गाडी उभी राहिली तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं येतं आणि जुन्या रबराला, बुचाच्या वॉशरला ते सोसत नाही. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) तारेने टोकरू नका. भोक मोठं झालं की आयुष्यभर गाडी पेट्रोल पीत राहते. स्प्रे आणि हवा, बस.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घरटं, हे दोन्ही बघायचं राहून जातं आणि मग गाडी का पेट घेत नाही म्हणून माणूस चार दिवस पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारे उघड-बंद होणारे संपर्क) घासत बसतो. पॉइंटही घासावे लागतीलच, त्यांच्यावर पांढरट थर आलेला असतो, गॅप ०.३५ ते ०.४० मिलीमीटर ठेवा. कंडेन्सर न तपासता नवीन टाका. वायरिंग सगळंच बदला. जुन्याला टेप मारून भागवलं तर हेडलाईटची आणि तुमची ताटातूट रात्रीच्या घाटात होईल.

पैसा कुठे घालायचा तर टायर-ट्यूब, ब्रेक लायनर, केबली, स्पोक. टायर दिसायला नवाकोरा असेल, नक्षी शाबूत असेल, तरी बाजूला चार आकडी शिक्का असतो तो वाचा, ३४०८ म्हणजे २००८ सालचा ३४ वा आठवडा. असला टायर बागेत झोक्याला बांधा. जुने लायनर शूवरून सुटून ड्रममध्ये अडकू शकतात, तेव्हा तेही नवीनच.

आता रंग. बुलेटच्या टाकीवरच्या त्या सोनेरी रेषा मद्रासच्या कारखान्यात कारागिरांनी ब्रशने, हाताने मारलेल्या आहेत. तुमच्या टाकीवर त्या अजून असतील, खरवडलेल्या का असेना, तर मेण-पॉलिश करून तशाच ठेवा. रंग कधीही मारता येईल. निघालेला परत येत नाही. आणि हे सगळं क्रोम करून टाकायचं फॅड माझ्या डोक्यात जातं, मडगार्डपासून टूलबॉक्सपर्यंत चकचकाट, जवळ गेलं तर ब्रेक लागत नाही. मिस्त्रींना सांगा, आधी हजार किलोमीटर चालवतो, मग रंगाचं बघू.

प्रश्न : सासऱ्यांची जुनी गाडी त्यांच्या पश्चात आमच्याकडे आली. आरसी बुक आहे पण मुदत संपून बरीच वर्षं झालीत. पंधरा वर्षांवरची गाडी भंगारातच द्यावी लागते असं ऐकलं. खरं का? (एक वाचक, निगडी)

उत्तर : नाही हो. ते दिल्लीकडचं ऐकून लोक इकडे घाबरतात. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. पण क्रम महत्त्वाचा. आधी कागद, मग इंजिन. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. मग नूतनीकरणाला फॉर्म २५, ग्रीन टॅक्स, विमा, पीयूसी, आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून हजार रुपये झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये दोन हजार, ते ठीक आहे, पण उशिराचा आकार नियमात दरमहा ३०० रुपये आहे. वर्षं बरीच झालीत म्हणताय ना, मग गुणाकार करून बघा. म्हणून आरटीओत जाऊन एकूण किती भरायचं ते आधी विचारून या, नंतरच स्पेअरची यादी काढा. एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

अजून एक. चासीला पावडर कोटिंग करायला देणार असाल तर चासी नंबरवर टेप लावून, आधी फोटो काढून द्या. नंबर कोटिंगखाली बुजला किंवा ब्लास्टिंगमध्ये (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढताना) पुसट झाला तर इन्स्पेक्टर गाडीला हात लावणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. व्हिंटेजची ती ‘व्हीए’ वाली वेगळी नोंदणी पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांनाच मिळते, फी २० हजार, आणि ती घेतली की रोज वापरता येत नाही. टूरिंग करायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : येझदी रोडकिंग बऱ्याच वर्षांनी चालू केली. पहिल्या चार किकांत पेटली पण पांढऱ्या धुराने अख्खी गल्ली भरते, थांबतच नाही. दुसरा एक त्रास, मध्येच रेस आपोआप चढते. प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ केला. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : कार्बोरेटरला आता सोडा बिचाऱ्याला. क्रँकची ऑईल सीलं (ऑईल आणि हवा अडवणारी रबरं) वाळली आहेत, दोन्ही बाजूंची. टू स्ट्रोकमध्ये क्रँकची जागा हवाबंद लागते. क्लचच्या बाजूचं सील गेलं की तिकडचं ऑईल आत ओढलं जातं आणि जळतं, तो तुमचा धूर. खात्री करायची असेल तर गिअर ऑईलची पातळी आज बघा आणि चार दिवस चालवून परत बघा, उतरलेली दिसेल. दुसऱ्या बाजूचं सील गेलं की हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, रेस चढते. हे दुसरं जास्त वाईट, कारण पातळ मिश्रणावर पिस्टन तापून सीझ (जाम) होतो आणि तो हायवेलाच होतो, मागचं चाक जाम. दोन्ही सीलं बदलेपर्यंत गाडी गल्लीबाहेर नेऊ नका.

इंजिन उघडणारच आहात तर क्रँकची बेअरिंगं आणि कनेक्टिंग रॉडची ढिलाई बघून घ्या, परत परत कोण उघडणार. क्रँक प्रेसवर जुळवायचं काम टर्नरचं आहे, ते हातोडीने करणाऱ्याकडून गाडी उचलून आणा. सायलेन्सरचे आतले बॅफल (आवाज दाबणारे पत्रे) काढून कार्बन जाळा किंवा खरवडा. स्पेअर घेताना एक लक्षात ठेवा, म्हैसूरचा आयडियल जावा १९९६ लाच बंद झाला, हल्ली रस्त्यावर दिसते ती नवी येझदी फोर स्ट्रोक, तिचं काहीही तुमच्या गाडीला बसत नाही. पण म्हैसूर तुमच्याच राज्यात आहे, तिकडे अजून या गाड्या जाणणारे जुने हात आहेत आणि मालही मिळतो. पुण्यात नाना पेठ. पेट्रोलमध्ये टू टी ऑईल लिटरला साधारण ३० ते ४० मिली, ‘जरा जास्त टाकलेलं बरं’ हा सल्ला ऐकू नका.

प्रश्न : बुलेट मेअखेर रिस्टोअर होऊन मिळेल, जूनमध्ये मित्रांबरोबर लेह ठरलंय. जमेल ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : लेह जमेल, जून जमणार नाही. नव्या रिंगा आणि नवा बोअर बसायला पहिले हजार किलोमीटर तरी निवांत लागतात, पन्नासच्या आसपास, मध्ये मध्ये थांबून गार करत, आणि पहिल्या तीनेकशे किलोमीटरला ऑईल बदलून हेडचे नट, टॅपेट (वॉल्व आणि पुशरॉडमधली ढिलाई) परत बघायचे. टॅपेट थंड इंजिनावर, पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वर-खाली खेळता कामा नये. माळशेज, पसरणी, आंबोली असे घाट करा. नव्याने जोडलेल्या गाडीचं जे काही ढिलं व्हायचं ते याच काळात होतं, आणि ते नारायणगावात झालेलं परवडतं, लेहच्या वाटेवरच्या सरचूला नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला निघा, रस्तेही त्या वेळी बरे असतात. खारदुंगला ५,३५९ मीटर आहे, पाटीवर जास्त लिहिलंय त्याकडे लक्ष देऊ नका, पण हवा विरळ हे खरं, कार्बोरेटरची गाडी तिथे पेट्रोल जास्त घेऊन गुदमरते, तेव्हा कार्बोरेटरमधल्या नीडलची (सुईची) क्लिप एक खाच वर चढवायला शिकून घ्या. सामानात क्लच आणि एक्सिलरेटरची केबल, पॉइंट, कंडेन्सर, दोन प्लग, ट्यूब, चेन जोडायचं लॉक. केबल मूळ केबलीला टेपने चिकटवूनच न्या, तुटली की फक्त टोकं बदलायची. चंदीगडपर्यंत रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर टाकी रिकामी असल्याशिवाय घेत नाहीत, आरसीची झेरॉक्स लागते, आणि उतरवून घेतल्यावर पेट्रोल पंपापर्यंत ढकलायला मित्र बरोबर असू द्या.