दुरुस्तीचं टेबल : गुलाल, घासणी आणि टीव्हीवरचा ओरखडा

प्रश्न : चैत्र यात्रेला ज्योतिबावर गेलेला भाचा गुलालानं माखलेला तसाच घरात शिरला आणि तोल जाऊन त्याचा हात आमच्या 43 इंची एलईडी टीव्हीवर पडला. पाची बोटं उमटली. मी घासणीची मऊ बाजू ओली करून पुसलं. गुलाल गेला, दोन ओरखडे राहिले. एक केसासारखा आहे, दुसऱ्यात नख अडकतं. शेजारच्या काकू म्हणतात टूथपेस्ट चोळ. चोळू का?
– एक गृहिणी, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, पेस्ट दातांनाच राहू द्या. घासणीची मऊ बाजू भांड्यांना मऊ, टीव्हीला नव्हे. त्यात गुलाल ओला केला की चिखल होतो, आणि तो तुम्ही दाबून फिरवलात.

तुमची एकटीची चूक नाही. मी शाहूपुरीत हे काम शिकलो तेव्हा पिक्चर ट्यूबचा जमाना होता. पुढं जाडजूड काच. ओल्या वर्तमानपत्रानं खसाखसा पुसली तरी तिला काही व्हायचं नाही. ती सवय हाताला राहिली. आता बहुतेक एलईडी टीव्हींत बोटाखाली काच नसतेच. काचेवर डकवलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते, तिला पोलरायझर म्हणतात. खिडकीचा उजेड चमकू नये म्हणून तिच्यावर आणखी एक नाजूक थर असतो. चित्र दिसतं ते या फिल्ममुळंच. एखाद्या जागी ती पुरती खरवडली गेली, तर तिथं चित्र न दिसता नुसता पांढरा उजेड दिसतो.

पेस्टमध्ये दात घासायला बारीक भुकटी असते. ती चोळली की ओरखड्याआधी वरचा थर निघतो आणि मधोमध नाण्याएवढा चकाकता डाग पडतो. रेघ होती, तिचा रुपया झाला! असे रुपये घेऊन लोक माझ्याकडं येतात, आणि त्यावर माझ्याकडं इलाज नसतो.

आधी एक करा. टीव्ही लावा आणि रोज बसता तिथंच बसा. केसासारखी रेघ बहुधा दिसणारच नाही. मग तिला हात लावू नका. नख अडकणारी डोळ्यांना टोचत असेल, तर टीव्ही बंद करून कान साफ करायच्या काडीच्या टोकावर व्हॅसलीनचा कण घ्या, फक्त त्या चरीत भरा, बाजूचं मऊ फडक्यानं टिपून घ्या. रेघ पुसट होईल, जाणार नाही. त्यावर धूळ बसते, म्हणून अधूनमधून पुन्हा करावं लागेल. पॅनेल बदलायचं मनातही आणू नका. त्या पैशात जवळजवळ नवा टीव्ही येतो. आणि ओरखडा वॉरंटीत बसत नाही, दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

पुढच्या यात्रेसाठी सांगून ठेवतो. टीव्ही बंद करा, प्लग काढा, गार होऊ द्या. नव्या, अगदी मऊ ब्रशनं गुलाल वरून खाली झाडा, दाब न देता. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. मग चष्म्याचं मायक्रोफायबर फडकं. तरी गुलाबी झाक राहिली, तर फडक्याचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरनं जेमतेम ओलसर करा. बॅटरीच्या दुकानात मिळतं, फक्त ॲसिडची बाटली उचलू नका. बोअरचं पाणी नको, वाळलं की पांढरे ठिपके धरतात.

पाणी फडक्यावर घ्यायचं, टीव्हीवर कधीच नाही. हे मी मेहुण्याच्या पैशानं शिकलो. त्याच्या नव्याकोऱ्या एलसीडीवर मी रुबाबात काचेचा निळा स्प्रे थेट मारला. ओघळ खालच्या फ्रेममध्ये उतरला. तिथंच पॅनेलला जोडणाऱ्या बारीक पट्ट्या असतात. दोन दिवसांत पडद्यावर उभ्या रेघा आल्या. आजही जेवायला बसलो की तो विषय निघतो.

प्रश्न : स्वयंपाकघर हॉललाच लागून आहे. फोडणीचा तेलकट थर टीव्हीवर बसतो. व्हिनेगर किती घालावं?
– राजारामपुरी

उत्तर : अजिबात नको. अमोनियाचा काचेचा स्प्रे, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर हेही नको. पेलाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, दोन नकोत. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, हलक्या हातानं पुसा, मग नुसत्या पाण्याच्या ओलसर फडक्यानं एकदा आणि शेवटी कोरड्यानं. आणि तांबड्या रश्श्याची फोडणी घालताना एक्झॉस्ट लावा.

प्रश्न : टीव्हीवर फुटबॉल बसला. वर ओरखडाही नाही, पण आत शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि रेघा आहेत. पॉलिशनं जाईल का?
– शिवाजी पेठ

उत्तर : नाही. आतलं पॅनेल फुटलंय. डाग दाबून बघू नका, आणखी पसरेल. मात्र भंगारवाल्याला किलोवर घालायच्या आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, स्पीकर शाबूत असतील तर चार पैसे जास्त मिळतील. बॉल कुठल्या टीमच्या पोरानं मारला ते विचारत नाही. मीही पेठेतच राहतो.