ग्लुटेन बंद करायला सांगितलंय. पाकिटावर नेमकं काय वाचायचं?

सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गहू-जवासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान नुकतंच झालंय आणि दुकानात पाकीट हातात घेतल्यावर काय शोधायचं तेच कळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. आधी पाकिटाची पुढची बाजू विसरा. 'मल्टिग्रेन', 'नाचणी', 'नो मैदा' हे सगळं तिथे ठळक असतं आणि त्यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. नाचणीची बिस्किटं उलटून पाहिलीत तर बऱ्याचदा पहिलं नाव गव्हाच्या पिठाचंच निघतं.

पुढच्या बाजूचा उपयोगी शब्द एकच: 'ग्लुटेन फ्री'. तो छापायचा तर किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. 'लो ग्लुटेन' म्हणजे 20 ते 100, तो तुमच्यासाठी नाही. ही मर्यादा किती कडक आहे बघा: एक ग्रॅम मैद्यात साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे किलोभर बेसनात ग्रॅमभर मैदा मिसळला तरी ते मर्यादेच्या चार-पाच पट झालं. 'इतक्याशाने काय होतंय' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा हिशोब सांगा.

आता मागची बाजू. यादीच्या खाली किंवा शेजारी 'कंटेन्स' अशी ओळ शोधा. 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार गहू, जव, राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे), ओट्स हे अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणू शकणारे घटक) म्हणून वेगळे सांगावे लागतात. तिथे यातलं काही दिसलं की पाकीट परत ठेवा, यादी वाचत बसू नका. काही नसेल तर मात्र पूर्ण यादी वाचा, कारण ती ओळ छापायला विसरणारे उत्पादक आहेत. लेबल बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असतं, म्हणून हे शब्द डोळ्यांत बसवा: व्हीट, आटा, मैदा, सूजी, सेमोलिना, दलिया, ड्युरम, स्पेल्ट, व्हीट ग्लुटेन, बार्ली, जौ, राय.

सगळ्यात जास्त फसवतो तो माल्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि ते बहुधा जवच असतं. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी चवीला माल्ट एक्स्ट्रॅक्ट घातलेला असू शकतो. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत तर तो मुख्य घटकच असतो. माल्ट व्हिनेगरही नको, साधं व्हिनेगर चालतं. माल्टोडेक्स्ट्रिनला उगाच घाबरू नका, ते स्टार्चपासून बनतं आणि त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. नेहमीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहू आंबवलेला असतो.

मराठी स्वयंपाकघरातला खरा चोर हिंग आहे. बाजारातला बहुतेक हिंग बांधणीचा असतो, म्हणजे मूळ हिंगात डिंक आणि स्टार्च किंवा पीठ मिसळलेलं. ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. खडा घेतला म्हणून सुटका नाही, खडाही बांधणीचा असू शकतो. डबी वाचा, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो घ्या. घरचा हिंग बदलला तरी पापड, लोणचं, फरसाण, सांबार मसाला यांत तो असतोच. तिथे यादीत 'हिंग' एवढंच लिहिलेलं असेल आणि 'ग्लुटेन फ्री' नसेल, तर कंपनीला विचारा: 'हिंगात कुठलं पीठ आहे?' 'तुमच्या मालात ग्लुटेन आहे का?' असं विचारलंत तर हमखास 'नाही' ऐकाल.

मेतकुटात गहू सहसा असतो. थालिपिठाच्या भाजणीतही बहुतेकदा असतो. आपल्याकडच्या सातूच्या पिठात भाजलेले गहू किंवा जव असतात. बिहारी सत्तू हरभऱ्याचा, तो वेगळा. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. आणि खपली गहू पचायला हलका म्हणून कोणी कितीही गळ घातली तरी तो गहूच आहे, सिलिअ‍ॅकला चालत नाही.

'मे कंटेन व्हीट' दिसलं तर निदान सुरुवातीला तरी तो माल टाळा. पण ते लिहिलेलं नाही म्हणजे निर्धास्त, असंही नाही: मिसळणीची ही सूचना आपल्याकडे ऐच्छिक आहे. राजगिरा, शिंगाडा, ज्वारी, वरई यांत मुळात ग्लुटेन नाही, पण गहू दळणाऱ्या गिरणीतून आलेलं त्यांचं पीठ सुरक्षित नसतं. धान्य आणून निवडा आणि ज्या घरघंटीत गहू जात नाही तिथेच दळा. ओट्सचंही तसंच, शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हाजवच्या संगतीत असतात. 'ग्लुटेन फ्री' छापलेले ओट्ससुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, कारण काही रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

पाच रुपयांच्या पुडीवर यादी नसेल तर चकित होऊ नका. फार लहान पाकिटांना त्यातून सूट आहे. यादी बाहेरच्या मोठ्या पॅकवर असते, दुकानदाराकडे तो मागा. गृहउद्योगाच्या पिशवीवर नुसतं 'मसाले' लिहिलेलं असेल तर ती घेऊच नका, चव कितीही चांगली असली तरी.

अमेरिकेतून कोणी खाऊ आणला तर एक फरक लक्षात ठेवा. तिथे अ‍ॅलर्जनच्या ओळीत फक्त गहू सांगणं बंधनकारक आहे, जव नाही. त्यामुळे 'ग्लुटेन फ्री' छापलेलं नसेल तर माल्टसाठी पूर्ण यादी वाचावीच लागते. युरोपातल्या मालावर ग्लुटेनची धान्यं घटकांच्या यादीतच ठळक अक्षरांत असतात, ते सोपं.

चाललेल्या वस्तूच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या खरेदीला नव्या पाकिटाशी ताडून बघा. 'न्यू रेसिपी' किंवा 'इम्प्रूव्ह्ड' असं काही छापलं असेल तर यादी पहिल्यापासून वाचा.