गावच्या घरी रात्रभर सिनेमे दाखवायचे आहेत, तयारी काय करावी?

तुम्ही विचारलंय, दिवाळीत गावी पंधरा-वीस मित्र नि नातेवाईक जमणार, अंगणात प्रोजेक्टर लावून रात्रभर चार सिनेमे दाखवायचे, तर कोणते घ्यावे आणि कोणत्या क्रमाने लावावे. कोणते घ्यावे ते तुमचं तुम्ही बघा. क्रमावर मात्र मी बोलणार, कारण आमच्या घरी हे भांडण 1992 च्या दिवाळीपासून चालू आहे.

एक तर चार होत नाहीत. नऊला सुरू केलं तर पहाटे सहापर्यंत नऊ तास मिळतात. अडीच तासांचा सिनेमा, मग अर्धा तास चहापाणी, असे तीनच बसतात. कुणी ‘लगान’चा हट्ट धरला तर तो एकटाच पावणेचार तास खातो, मग दोन.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात. इथल्या माणसाला रात्रभर बसायला शिकवावं लागत नाही. भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात. वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्री उशिरा सुरू होतात नि उजाडता उजाडता सुटतात, आणि म्हाताऱ्या बाया नातवाला मांडीवर निजवून शेवटपर्यंत जाग्या असतात. लोकांना ढुलक्या यायला लागल्या की नाटकवाले लावणी नाहीतर विनोदी पात्र आत सोडतात. मध्यरात्रीनंतर काय लावायचं, याचं उत्तर त्यात आलं. रडायचं, विचार करायचं, लक्ष देऊन बघायचं जे काही असेल ते सगळ्यात आधी.

आमच्याकडे उलटं झालं. बहिणीची पहिली दिवाळी होती, जवाईबापू दिवाळसणाला आलेले. बाबांनी तालुक्याहून व्हिडिओ आणला, म्हणजे भाड्याचा व्हीसीआर, 21 इंची रंगीत टीव्ही, तीन कॅसेटी आणि मशीनवर नजर ठेवायला दुकानाचा एक पोरगा. सगळं बंडीत तणसावर ठेवून आणलं. तिसरी कॅसेट खास आईसाठी होती, ‘माहेरची साडी’. सिनेमा आदल्याच वर्षीचा, गावोगावच्या बाया ट्रॅक्टर भरभरून बघून आलेल्या, पण धानाच्या कापणीत आईचं जाणं राहून गेलं होतं. तोच आधी लावायचा, असं ठरलंही होतं.

जवाईबापू खुर्चीवर बसले नि म्हणाले, “सणासुदीचं रडकं कायले? मारामारीचा लावा.”

पहिल्या दिवाळीला जवायाचा शब्द कोण मोडणार? मारामारीचा लागला. त्यानंतर दुसराही त्यांच्याच आवडीचा. आई तोवर चुलीपाशीच, चाळीस माणसांचा चहा नि वरून जवायासाठी वडे. तिचा सिनेमा लागला पावणेदोनला. अर्धं अंगण घोरत होतं, पण ती पदर खोचून पुढच्या रांगेत जाऊन बसली.

चार वाजता, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिली असतील, लाइन गेली. आमच्याच घरची. शेजाऱ्यांचा दिवा चालू. फ्यूज उडाला होता. मी तार बांधून दहा मिनिटांत लाइन आणली, पण मशीन सुरू होताच त्यानं कॅसेट चावली. पोरग्यानं फीत बोटांनी ओढून काढली, तोंड वाकडं केलं नि सामान बांधलं. त्याला पहिली यष्टी धरायची होती.

फ्यूज कोणी उडवला? जवाईबापू आजही चारचौघांत सांगतात की साळ्यानं टीव्हीला उघडे जोड मारलेली तार दिली होती. आता सगळ्यांसमोर हिशेब मांडतो. घरचा फ्यूज 5 अँपिअरचा. टीव्ही नि व्हीसीआर मिळून दीडशे वॅट, म्हणजे पाऊण अँपिअरसुद्धा नाही. आणि बरोबर चार वाजता जवाईबापूंनी अंघोळीला म्हणून बादलीत पाण्याचा रॉड टाकला होता, 1500 वॅटचा. 230 व्होल्टवर तो एकटा साडेसहा अँपिअर ओढतो. बघा तुम्हीच.

आईनं तक्रार केली नाही. तिनं शेवट स्वतःच रचला. धान कापताना, पुढं रोवणीला बांधीत वाकलेल्या बायांना ती तो सांगायची. त्यात बाप स्वतः साडी घेऊन लेकीच्या दारी जातो, सासू पाया पडते आणि लेक बंडीत बसून माहेरी येते. बायांना तो इतका आवडला की दर हंगामात फर्माईश व्हायची. पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर तो सिनेमा लागला तेव्हा मी तिला हाक मारून बसवलं. खरा शेवट तिनं पूर्ण पाहिला, चष्मा पुसला नि म्हणाली, “येवढाच हाय का गा? माहावाला बरा होता.”

म्हणून सांगतो, ज्या माणसाच्या वाट्याला चूल येणार आहे त्याची आवड पहिल्या नंबरावर ठेवा, आणि पाहुण्याला, त्यातही जवायाला, क्रम विचारूच नका. चहा थर्मासात भरून ठेवा, मुरमुरे-फुटाणे परातीत ओतून मधोमध ठेवा, म्हणजे कोणाला उठावं लागत नाही. जेवणात भात कमी ठेवा. आमच्याकडे हे कोणी ऐकत नाही, पण भरपेट भातावर पहिल्या मध्यंतरालाच माणसं आडवी होतात.

पडद्याचं म्हणाल तर पांढरी चादर चारही बाजूंनी ताणून बांधा. दिवाळीनंतर दहिवर पडतं, पहाटेपर्यंत चादर ओली होऊन लोंबते नि नटाचं तोंड लांबोडकं दिसतं. प्रोजेक्टरही उघड्यावर ठेवू नका, छपरीत ठेवा. कोणता घ्यावा ते मात्र मला विचारू नका, आमच्याकडचा भाच्यानं आणलेला आहे.

हा भाचा आयटीआयचा वायरमन. तो म्हणतो, “मामा, गावात तेव्हा व्होल्टेज 170 असेल तर रॉड पाचच्या आतच ओढत होता, तुमचा हिशेब कच्चा आहे.” अर्थात तो जवाईबापूंचाच पोरगा. शिवाय पहाटे चारला गाव झोपलेलं असतं, व्होल्टेज चढलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर चुलीपाशी उजेड हवा म्हणून 500 वॅटचा एक हॅलोजन मीही त्याच लायनीवर टाकला होता. जोडांना टेपही नव्हती. पण हॅलोजन संध्याकाळपासून जळत होता, जोड संध्याकाळपासून उघडे होते, तेव्हा काही उडालं नाही!

यंदाच्या दिवाळीला जवाईबापू येत आहेत. पाणी चुलीवर तापेल.