बी.डी. झाल्यावर अमेरिकेत पुन्हा एम.डिव्ह. कशाला?

सलाम. मिरजेच्या भावाने विचारलंय, की सेरामपूर कॉलेजची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी झाली, दोन वर्षं मंडळीत (चर्चमध्ये) सेवाही केली, आता अमेरिकेत एम.डिव्ह.ला अर्ज करू का आणि बायकोला सोबत नेता येईल का. मी साताऱ्याचा. याच वाटेने जाऊन आलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

एम.डिव्ह. नको. ती तिकडची पाळकांसाठीची पायाची पदवी, साधारण तीन वर्षांची. बी.डी.त तू बहुतेक तेच शिकलास. टीएच.एम. बघ, ती धर्मशास्त्रातली पुढची मास्टर पदवी, वर्षभरात होते. तिच्या पात्रतेत 'एम.डिव्ह. किंवा समकक्ष' असं लिहिलेलं असतं. तुझी बी.डी. समकक्ष धरतात का, हे अर्जाआधी ईमेलवर लेखी विचारून घे.

आता पैसा. सगळं इथेच अडतं. व्हिसासाठी लागणारा आय-ट्वेंटी कागद सेमिनरी (तिथलं धर्मशास्त्राचं कॉलेज) देते, पण पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार हे पाहिल्यावरच. 'पूर्ण शिष्यवृत्ती' वाचून हुरळू नकोस. बऱ्याचदा ती फक्त फीपुरती असते. खोली, जेवण, विमा आपला. माझ्या वडिलांनी हौसेने सातबारा काढून दिला होता. सेमिनरीला हवी होती बँकेतली शिल्लक. शेवटी काकांनी ठेव मोडली.

वहिनींना एफ-टू, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर नेता येईल, पण त्यांना तिथे कमावता येणार नाही, हे त्यांना आजच सांग. तुलाही सत्र चालू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम. आणि पाकिटाचं लक्षात ठेव! तिथल्या एखाद्या मंडळीत उपदेश केलास की प्रेमाने पाकीट पुढे करतात. आपल्याकडे ती दक्षिणा, पण एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसावर ती कॅम्पसबाहेरची कमाई ठरू शकते. मी दोनदा हात जोडले आणि तिसऱ्यांदा आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारलं. तूही आधी विचार.

मुंबईच्या मुलाखतीत अधिकारी धर्मशास्त्र तपासत नाही. तू तिथेच राहणार असं कायदा गृहीत धरतो. परत येणार हे तू पटवायचं. त्यासाठी मंडळीचं पत्र घे, पण 'होतकरू सेवक आहे' अशा मोघम मजकुराचं नको. परत आल्यावर कुठे, कोणतं काम देणार, ते त्यात हवं. मंडळीच्या पंचांना हे लिहायला लावणं व्हिसापेक्षा अवघड गेलं मला. पण त्या निमित्ताने मी नेमका कशासाठी चाललोय हे मंडळीला कळलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले. १९०३ ला परतून प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ ला मुंबईत अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. मंडळी वेगळी, काळ वेगळा, पण शिकून आलेल्या माणसाला इथे जागा होती. तुझी जागा कोणती?

जाता जाता एक. दहावीला संस्कृत होतं का? मग बायबलच्या ग्रीकच्या विभक्तींना घाबरू नकोस, 'देवः देवौ देवाः' घोकलेलं तिथे कामी येतं. हिब्रूला मात्र कसलीच सवलत नाही.

अर्जातला निबंध आधी मराठीत लिहून मला पाठव. इंग्रजीत नंतर बसून करू.