कोंबडी दगावते, बदक तगते

प्रश्न : बर्ड फ्लूची साथ आली की कोंबड्या पटापट मरतात, बदके मात्र पुष्कळदा धडधाकट दिसतात. दोन्ही पक्षीच असताना एवढा फरक का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : याचे एक मोठे कारण ‘रिग-आय’ या जनुकात आहे. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीत पहारा देते. विषाणूच्या आरएनएचे (जनुकीय रेणूचे) तीन फॉस्फेट असलेले टोक त्याने ओळखले की इंटरफेरॉन हे विषाणूरोधक प्रथिन तयार होऊ लागते आणि विषाणूच्या वाढीला सुरुवातीलाच आळा बसतो. बदकांत आणि माणसासह बहुतेक सस्तन प्राण्यांत हे जनुक आहे, पण कोंबडीच्या वंशातून ते उत्क्रांतीच्या ओघात नाहीसे झाले. २०१० मध्ये कॅनडातील संशोधकांनी बदकाचे हे जनुक कोंबडीच्या पेशींत घातले, तेव्हा विषाणूची वाढ खरोखरच घटली. हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. कोंबडीतील ‘एमडीए-५’ हे जवळचे जनुक काही भार उचलते, तरी ते पुरे पडत नाही. गंमत म्हणजे विदर्भातही आढळणाऱ्या खवले मांजराच्या वंशाने नेमके हे ‘एमडीए-५’ जनुकच गमावले आहे.

अर्थात रिग-आय असले म्हणजे अभय मिळाले असे नव्हे. एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूच्या काही प्रकारांनी बदकेही मरतात, आणि २०२४ च्या अखेरीस आपल्या नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूला बळी पडले. निरोगी दिसणारे बदकही विष्ठेतून विषाणू पसरवू शकते, म्हणून कोंबड्या आणि बदके एकत्र पाळू नयेत.